शेजारच्या देशातून अमेरिकेच्या कामाच्या व्हिसाचे नूतनीकरण : कोकणातील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एच-१बी या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर नोकरी करणारी मुले आणि त्यांचे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातील आईवडील यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पूर्वी सरसकट सांगितला जाणारा सल्ला असा होता, की व्हिसा संपला तर कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा (यालाच स्टॅम्पिंग म्हणतात) आणि आठवड्याभरात कामावर हजर व्हावे. २०२५ च्या सप्टेंबरपासून हा सल्ला बहुतेकांच्या उपयोगाचा राहिलेला नाही, तरीही तो अजून एकमेकांना दिला जातो. खालील उत्तरे २०२५ च्या अखेरीस लागू असलेल्या नियमांवर आधारलेली आहेत.

१. मुलाच्या पासपोर्टवरील व्हिसाची तारीख उलटून गेली आहे. त्याला अमेरिका सोडावी लागेल का?

केवळ त्या कारणाने सोडावी लागत नाही. पासपोर्टवरचा व्हिसा हा अमेरिकेच्या विमानतळावर किंवा सीमेवर जाऊन प्रवेश मागण्यापुरता असतो. देशात किती दिवस राहता येईल हे आय-९४ या नोंदीवरून ठरते, आणि कोणत्या कंपनीत कधीपर्यंत काम करता येईल हे आय-७९७ या मंजुरीपत्रावरून. कंपनीने मुदतवाढीचा अर्ज करून ती मंजूर झाली असेल, तर मंजुरीपत्राच्या तळाशी नवा आय-९४ जोडलेला असतो आणि मुलगा पूर्णपणे कायदेशीररीत्या राहत असतो. व्हिसाची आठवण होते ती देशाबाहेर पाऊल टाकायची वेळ आली की. गावाकडे काळजीने रात्र जागवणाऱ्या आईवडिलांनी आधी मुलाला त्याच्या आय-९४ ची तारीख विचारावी. व्हिसाची तारीख नंतर पाहिली तरी चालते.

२. तो तिथेच राहतो, कर भरतो, मग व्हिसाही तिथेच नवा करून का मिळत नाही?

पूर्वी मिळत असे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जुलै २००४ मध्ये ही देशांतर्गत सोय बंद केली, कारण बोटांचे ठसे घेण्याचा नवा नियम तेथे बसून पाळणे शक्य नव्हते. २०२४ च्या आरंभी, २९ जानेवारी ते १ एप्रिल या काळात, २०,००० अर्जांपुरता एक प्रायोगिक उपक्रम झाला आणि त्यात भारतात किंवा कॅनडात ठरावीक काळात मिळालेल्या एच-१बी व्हिसांचे नूतनीकरण अमेरिकेतच करून देण्यात आले. तो उपक्रम पुढे कायमचा झाला नाही.

३. शेजारच्या देशात म्हणजे नक्की कुठे, आणि लोक तिकडे का जात असत?

कॅनडात टोरांटो, व्हँकुव्हर, कॅलगरी, ओटावा यांसारख्या शहरांत आणि मेक्सिकोत तिहुआना, सिउदाद हुआरेस, मॉन्तेर्रेसारख्या शहरांत अमेरिकेच्या वकिलाती आहेत. मुंबईतील मुलाखतीची तारीख कित्येक महिने पुढची मिळत असताना तिकडे ती लवकर मिळे, प्रवास थोड्या तासांचा असे आणि रजाही कमी लागे. यात जोखीम तेव्हाही होतीच (प्रश्न ७ पाहा), पण वेळ वाचत असल्याने पुष्कळजण ती पत्करत.

४. आता कॅनडा किंवा मेक्सिकोत स्टॅम्पिंग होते की नाही?

भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या नोकरदाराने ते होणार नाही असे धरूनच बेत आखावा. परराष्ट्र खात्याने ६ सप्टेंबर २०२५ रोजी सूचना काढली, की तात्पुरत्या व्हिसाचा अर्ज अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा. अमेरिकेत राहणाऱ्याला तिथे व्हिसा मिळत नसल्यामुळे आपल्या मुलांपुरता त्याचा अर्थ भारत, म्हणजे मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद किंवा कोलकाता, इतकाच उरतो. ज्या देशांत अमेरिकेचे नेहमीचे व्हिसा कामकाज चालत नाही त्यांच्या नागरिकांसाठी दुसऱ्या देशातील ठिकाणे नेमून दिली आहेत. भारत त्यांत नाही. मानवतेच्या कारणास्तव, वैद्यकीय तातडीसाठी किंवा परराष्ट्र धोरणाच्या दृष्टीने क्वचित अपवाद होऊ शकतो, असे सूचनेत म्हटले आहे. रजा कमी आहे किंवा मुंबईची तारीख लांबची आहे, ही कारणे त्यात बसत नाहीत.

सूचनेनंतरही तारखांची प्रणाली काही ठिकाणी परदेशी अर्जदाराला तारीख घेऊ देते, आणि तेवढ्यावरून ‘मिळाली की तारीख’ असे निरोप फिरू लागतात. तारीख मिळणे आणि व्हिसा मिळणे यांत अंतर आहे. भरलेले शुल्क परत मिळत नाही, आणि ते दुसऱ्या देशातील अर्जासाठी वळवूनही घेता येत नाही.

५. सूचना निघण्यापूर्वीच तारीख घेतलेली होती, तर?

तेव्हा घेतलेल्या तारखा सर्वसाधारणपणे रद्द होणार नाहीत, असे सूचनेतच म्हटले होते. ती तारीख स्वतःहून पुढे ढकलल्यास मात्र ही सवलत गृहीत धरू नये.

६. व्हिसा संपलेला असतानाही कॅनडात चार दिवस राहून अमेरिकेत परत येता येते, असे ऐकले आहे. हे खरे आहे का?

खरे आहे, आणि ही सोय अजूनही चालू आहे. मात्र तिला स्टॅम्पिंग समजू नये. अमेरिकेच्या केंद्रीय नियमसंग्रहातील हा नियम २२ सीएफआर ४१.११२(डी) असा आहे आणि त्याला स्वयंचलित पुनर्वैधता म्हणतात. एच-१बी धारक फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवस किंवा त्याहून कमी काळ राहून परतत असेल, त्याचा आय-९४ मुदतीत असेल आणि तो आपल्या दर्जाला धरून वागत असेल, तर मुदत संपलेला व्हिसा परत येताना वैध मानला जातो. या प्रवासात तिसऱ्या देशात जाता येत नाही. म्हणजे टोरांटोहून लंडनला बहिणीकडे दोन दिवस जाऊन आल्यास ही सोय संपते.

आपल्याकडची पुष्कळ मुले विद्यार्थी म्हणून एफ-१ व्हिसावर जातात आणि तिथल्या तिथे एच-१बी दर्जा मिळवतात, त्यामुळे त्यांच्या पासपोर्टवर एच-१बीचा शिक्का कधी पडलेलाच नसतो. त्यांनाही हा नियम लागू होतो. जुना एफ-१ व्हिसा दर्जाबदलानंतर नव्या वर्गातला मानला जातो. मात्र व्हिसा रद्द करण्यात आला असेल तर हे लागू होत नाही.

सोबत आय-९४ ची छापील प्रत, मूळ आय-७९७, पगाराच्या अलीकडच्या पावत्या आणि वर दिलेल्या नियमाची एक प्रत ठेवावी. अडचण बहुधा विमान कंपनीच्या काउंटरवर येते, कारण तिथल्या कर्मचाऱ्याला संपलेल्या व्हिसाची तारीख दिसते आणि नियम माहीत नसतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा छापील नियम पुढे करून वरिष्ठांना बोलवायला सांगावे.

कॅनडात शिरण्यासाठी भारतीयाला कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि तो मिळायला आठवडे लागू शकतात. मेक्सिको अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्यांना स्वतःचा व्हिसा मागत नाही, पण येथे नेमका तोच संपलेला असल्यामुळे मेक्सिकोचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. हे ध्यानात न घेता तिकिटे काढली जातात.

७. त्याच फेरीत वकिलातीत अर्ज करून पाहू. व्हिसा नाही मिळाला तर प्रश्न ६ मधल्या नियमाने परत येऊ. असे चालेल का?

अजिबात चालणार नाही. त्या मुक्कामात नव्या व्हिसासाठी अर्ज केला की स्वयंचलित पुनर्वैधता लागू राहत नाही. १ एप्रिल २००२ पर्यंत अशी मोकळीक होती आणि जुन्या मंडळींच्या सांगण्यातून ती अजून डोकावते. त्यानंतर अर्ज केलेल्याने व्हिसा हातात येईपर्यंत त्या देशात थांबायचे किंवा तिथूनच भारतात यायचे, एवढेच उरते. शेजारच्या देशातील नूतनीकरणाची खरी जोखीम हीच होती: तपासणी लांबली, तर माणूस आपल्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर, पण सीमेच्या पलीकडे, हॉटेलचे भाडे भरत बसे.

८. काठमांडू किंवा कोलंबोत तारीख लवकर मिळते म्हणतात. भारताच्या शेजारचे देश म्हणून तिथे अर्ज करावा का?

प्रश्न ४ मधील सूचना सर्व देशांना सारखीच लागू आहे. नेपाळात किंवा श्रीलंकेत आपले कायदेशीर वास्तव्य नसेल, तर तिथे जाण्यात शुल्क आणि विमानभाडे दोन्ही वाया जाण्याची शक्यता मोठी आहे. व्हिएतनाम, थायलंड, सिंगापूर यांचेही तेच.

९. आम्ही मूळचे दापोली तालुक्यातले, पण कुवेतला नोकरीनिमित्त अनेक वर्षे राहतो. आम्हालाही मुंबईलाच यावे लागेल का?

यावे लागणार नाही. सूचनेत नागरिकत्वाचा ‘किंवा’ वास्तव्याचा देश असे म्हटले आहे. कुवेत, संयुक्त अरब अमिरात, ओमान, कतार यांपैकी जिथे आपला वैध निवासी परवाना आहे तिथे आपण अर्ज करू शकता, मात्र वास्तव्य सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. निवासी ओळखपत्र, कामाचा करार आणि घरभाड्याची कागदपत्रे सोबत न्यावीत. केवळ भेटीच्या व्हिसावर दुबईत भावाकडे उतरलेला माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. कॅनडाचा कायम निवास मिळालेला आणि खरोखर तिथे राहणारा भारतीय याच तत्त्वावर कॅनडात अर्ज करू शकतो, आणि प्रश्न ४ चे उत्तर त्याला लागू होत नाही.

१०. गणपतीला गावी येऊन, मुंबईत स्टॅम्पिंग उरकून, एकाच रजेत परत जाणे जमेल का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. घरचा गणपती दीड दिवसाचा असो, गौरींबरोबर जाणारा असो की अनंत चतुर्दशीपर्यंतचा, परतीचे तिकीट त्यावर बेतू नये, असे माझे मत आहे.

पूर्वी नूतनीकरण करणाऱ्या अनेकांना मुलाखतीतून सूट मिळत असे. पासपोर्ट आणि कागद जमा केले की काम होई. २ सप्टेंबर २०२५ पासून ही सूट एच-१बीसाठी उरलेली नाही. त्यामुळे बोटांचे ठसे देण्याची एक भेट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीची दुसरी भेट, अशा दोन तारखा घ्याव्या लागतात. पुढे १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (एच-१बी धारकाचे पती/पत्नी आणि मुले यांचा व्हिसा) अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली (प्रश्न १४), रोजच्या मुलाखतींची संख्या घटली, आणि भारतातील त्या महिन्याच्या अनेक मुलाखती मार्च २०२६ किंवा त्याहीपुढे ढकलल्या गेल्या. तीन आठवड्यांच्या रजेवर आलेली माणसे महिनोन्‌महिने गावात अडकली. जुन्या तारखेला दूतावासाच्या दारात जाऊन उभे राहिल्याने काही साधत नाही. तारीख बदलल्याचा ईमेल आला असेल, तर जुन्या दिवशी आत घेतले जात नाही.

तरीही यायचेच असेल, तर आधी मुलाखतीची तारीख हाती घ्यावी आणि मग विमानाचे तिकीट काढावे, तेही बदलता येणारे. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. मुलाखत तिच्या आधी घेतली तर सण निवांत जातो आणि पासपोर्ट परत यायला अवधीही मिळतो. भारतीय आणि अमेरिकी अशा दोन्ही सुट्ट्यांना दूतावास बंद असतो, हेही पाहून ठेवावे. भारतात मुलाखतीची तारीख विनाशुल्क बदलण्याची मुभा २०२५ पासून एकदाच आहे, तेव्हा ती लहरीने खर्ची घालू नये.

मुंबईपर्यंतच्या प्रवासाचेही एक पाहावे. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने धावतात, गणपतीच्या दिवसांत त्यांना तुडुंब गर्दी असते आणि मुंबई-गोवा महामार्गाबद्दल कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको. कोकणकन्या किंवा तुतारी पहाटे-सकाळी मुंबईत पोहोचवते हे खरे, पण त्याच सकाळच्या मुलाखतीसाठी त्या भरवशावर राहू नये. आदल्या दिवशीच ठाणे, कुर्ला, वांद्रे या बाजूला नातेवाइकांकडे मुक्काम करावा. दूतावासात बॅग, लॅपटॉप आणि अन्य इलेक्ट्रॉनिक वस्तू नेता येत नाहीत, म्हणून त्या सांभाळणारा कोणी बरोबर असलेला बरा.

११. अर्ज भरताना आणि मुलाखतीला कोणत्या चुका हमखास होतात?

डीएस-१६० हा अर्ज भरताना वीस मिनिटे काही हालचाल झाली नाही तर पान बंद पडते, आणि पावसात वीज गेली की भरलेले सारे जाते. म्हणून प्रत्येक पानानंतर तो जतन करावा आणि अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. हा क्रमांक ‘एए’ या दोन अक्षरांनी सुरू होतो आणि त्यांच्यापुढे दोन शून्ये येतात. ही शून्ये ‘ओ’ अक्षर समजून टंकली, तर तारीख घेताना दिलेला क्रमांक अर्जाच्या बारकोडशी जुळत नाही. तो जुळला नाही तर दारातूनच परत पाठवतात. अर्ज दुरुस्त करून नव्याने भरल्यास नवा क्रमांक तारखेच्या नोंदीतही वेळेत बदलून घ्यावा.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चष्म्याविना आणि सहा महिन्यांच्या आतला लागतो. तालुक्याच्या स्टुडिओत नुसते ‘पासपोर्ट फोटो’ म्हटले तर लहान आकाराचा, बहुधा निळ्या पडद्यापुढचा फोटो हाती येतो, म्हणून माप लिहूनच द्यावे.

मुलाखतीला पासपोर्ट, डीएस-१६० ची पोचपावती, तारखेचे पत्र, आय-७९७, कंपनीने केलेल्या मूळ अर्जाची प्रत, नोकरीचे पत्र, पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला) आणि पदवीची प्रमाणपत्रे न्यावीत. एच-१बी व्हिसाचे शुल्क २०५ डॉलर आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसांवर किमान २५० डॉलरच्या वेगळ्या शुल्काची तरतूद केलेली आहे, म्हणून पैसे भरतेवेळी दूतावासाने दाखवलेली रक्कमच प्रमाण मानावी.

१२. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे. अर्जात काय लिहावे?

किनाऱ्यावरच्या गावांतील, विशेषतः जुन्या पासपोर्टवर, संपूर्ण नाव एकाच रकान्यात असल्याचे पुष्कळदा आढळते. अशा वेळी डीएस-१६० मध्ये ते नाव आडनावाच्या रकान्यात लिहावे आणि पहिल्या नावाच्या रकान्यात ‘एफएनयू’ (‘पहिले नाव अज्ञात’ याचे इंग्रजी लघुरूप) ही तीन अक्षरे लिहावीत. तसा व्हिसा वैधच असतो; पण पुढे बँक, वाहन परवाना आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक अशा प्रत्येक ठिकाणी त्या तीन अक्षरांचा खुलासा करत बसावे लागते. सवड असेल तर नूतनीकरणाच्या आधीच पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव वेगळे करून घ्यावे. मात्र मंजुरीपत्र जुन्या नावाने असेल, तर हा बदल कंपनीच्या वकिलाला कळवल्याविना करू नये.

१३. पत्नी आणि मुले एच-४ वर आहेत. त्यांचे वेगळे काही लागते का?

प्रत्येकाचा डीएस-१६० आणि शुल्क वेगळे असते. १४ वर्षांखालील मुलांना पूर्वी मुलाखतीतून मिळणारी सूटही २ सप्टेंबर २०२५ पासून सर्वसाधारणपणे उरलेली नाही, त्यामुळे सर्वांची तारीख एकत्र घ्यावी. विवाहाचा आणि जन्माचा दाखला इंग्रजीत असावा. लग्न गावी झाले असेल, तर महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार ग्रामसेवकाकडे नोंदणी होते आणि तो दाखला ग्राह्य धरला जातो. लग्नपत्रिका किंवा कार्यालयाची पावती त्याच्याऐवजी चालत नाही. दाखल्यावरील नाव आणि पासपोर्टवरील नाव यांचे अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावे. दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीत दोन-तीन खेपा पडणारच, असे धरून चालावे. मूल २१ वर्षांचे झाले की एच-४ वर राहू शकत नाही.

१४. समाजमाध्यमांची तपासणी म्हणजे काय करायचे?

डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावे द्यावी लागतात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांनी ही खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायची आहेत. मुलाखतीच्या तोंडावर खाती घाईने पुसून टाकू नयेत. अर्जात लिहिलेले खाते अधिकाऱ्याला सापडले नाही तर नवी शंका उभी राहते. व्यावसायिक खात्यावरील पदनाम आणि कंपनीच्या अर्जातील पदनाम एक आहे का, हे जरूर तपासावे. विसंगती बहुतेक वेळा तिथेच निघते.

१५. नोकरी बदलली, पण जुन्या कंपनीच्या नावाचा व्हिसा अजून मुदतीत आहे. नवा घ्यावा लागेल का?

लागत नाही. मुदतीतला जुना एच-१बी व्हिसा आणि नव्या कंपनीचे आय-७९७ एकत्र दाखवून प्रवेश मिळतो. त्याचप्रमाणे व्हिसा जुन्या, संपलेल्या पासपोर्टवर असेल आणि तो शाबूत असेल, तर नवा व जुना असे दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवावेत. येथे विनाकारण स्टॅम्पिंग करायला गेलेले लोक आपणहून प्रश्न १० मधल्या रांगेत उभे राहतात.

१६. ते एक लाख डॉलर आमच्या मुलालाही भरावे लागणार का?

एक लाख डॉलर शुल्काची १९ सप्टेंबर २०२५ ची अध्यक्षीय घोषणा, जी २१ सप्टेंबरपासून बारा महिन्यांसाठी लागू झाली, ती नव्या एच-१बी अर्जांसाठी आहे. आधीपासून मंजुरी असलेल्याच्या व्हिसा नूतनीकरणाला ती लागू नाही, आणि ज्या अर्जांना ती लागू आहे तिथेही पैसे कंपनीने भरायचे आहेत.

१७. मुलाखत झाली, पण २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली आणि मुलगा गावातच अडकला आहे. आता काय?

ही चिठ्ठी म्हणजे कायमचा नकार नव्हे. कागद अपुरे आहेत किंवा अधिक तपासणी चालू आहे, एवढाच तिचा अर्थ. चिठ्ठीत कागद मागितले असतील तर ते त्यात सांगितलेल्या पद्धतीने लगेच द्यावेत. काही मागितले नसेल तर वाट पाहण्याखेरीज फारसे काही हाती नसते, आणि ‘आतली ओळख’ असल्याचे सांगून पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे.

दरम्यान गावातून काम करता येईल का, हे कंपनी ठरवते. काही कंपन्या भारतातून प्रणालीत शिरू देत नाहीत, काही बिनपगारी रजा देतात. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार येथे करपात्र ठरू शकतो, म्हणून मुक्काम लांबल्यास कर सल्लागाराला विचारावे. एक गोष्ट मात्र पथ्यावर पडते: एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेत देशाबाहेर काढलेले पूर्ण दिवस मोजले जात नाहीत, आणि प्रवासाचा पुरावा देऊन ते पुढे मागून घेता येतात. त्यासाठी बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

१८. घरात मृत्यू झाला किंवा वडील अत्यवस्थ आहेत, आणि व्हिसा संपलेला आहे. यावे की नाही?

येण्याला कायद्याची आडकाठी नाही. प्रश्न परतण्याचा असतो. तातडीची तारीख मागता येते, पण त्यासाठी आधी डीएस-१६० भरून, शुल्क देऊन, उपलब्ध असलेली साधी तारीख घ्यावी लागते आणि मगच विनंतीचा पर्याय खुला होतो. विनंती मान्य होईलच असे नाही. निघण्यापूर्वी कंपनीशी लेखी बोलणे करून ठेवावे आणि पत्नी-मुले अमेरिकेत असतील तर घरभाडे, शाळा आणि विमा यांची तजवीज लावावी. अग्नी किंवा मूठमाती द्यायला मुलाची वाट पाहत थांबायचे की नाही, हा निर्णय कुटुंबाचा आहे. त्यात कोणा सल्लागाराने पडू नये.

१९. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे. आम्हालाही स्टॅम्पिंग लागते का?

आय-४८५ हा ग्रीन कार्डचा अंतिम अर्ज दाखल असेल आणि आगाऊ प्रवास परवाना, म्हणजे ॲडव्हान्स पॅरोल, हाती असेल, तर त्यावर परत येता येते आणि व्हिसा लागत नाही. परवाना मंजूर होऊन हातात येण्याआधी त्याच्या भरवशावर निघू नये. केवळ आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला आधीचा अर्ज) मंजूर असणे यासाठी पुरेसे नाही. त्याने सहा वर्षांपलीकडे एच-१बी वाढवता येतो, पण प्रवासासाठी व्हिसा लागतोच.

२०. आय-७९७ ची मुदत २०२८ पर्यंत आहे, पण विमानतळावर मिळालेला आय-९४ आधीच संपतो आहे. कोणती तारीख खरी?

शेवटी मिळालेल्या आय-९४ ची. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर अधिकारी आय-९४ ची मुदत पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतात, आणि माणूस मंजुरीपत्राकडे पाहून निर्धास्त राहतो. प्रत्येक प्रवेशानंतर आय-९४ संकेतस्थळावरून काढून तपासावा आणि तारीख आखूड निघाली, तर ती संपण्यापूर्वीच कंपनीच्या वकिलाकडे जावे.

मुदत उलटून राहिल्यास पासपोर्टवरचा व्हिसा आपोआप रद्द ठरतो आणि पुढचा अर्ज सामान्यतः नागरिकत्वाच्या देशातच करावा लागतो. हा नियम २०२५ च्या सूचनेच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडल्यास तीन वर्षांची आणि एक वर्ष किंवा अधिक झाल्यास दहा वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते. पासपोर्टचे नूतनीकरण मुदतीच्या पुष्कळ आधी करून घेणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

२१. काही वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली होती, नंतर खटला मिटला. अर्जात लिहावे का?

लिहावेच लागते, कारण प्रश्न अटकेबद्दलही विचारलेला असतो. गेल्या पाच वर्षांतील अशा अटकेनंतर अर्जदाराला दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणीसाठी पाठवले जाते, आणि त्यात आठवडे जातात. दोषी ठरलेला नसतानाही व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे अशा व्यक्तीने अमेरिकेबाहेर पडण्यापूर्वी, अगदी प्रश्न ६ मधील चार दिवसांच्या फेरीसाठीही, आधी वकिलाला विचारावे.

२२. आमचा मुलगा बोटीवर आहे. त्याचा सी१/डी व्हिसा सिंगापूरला किंवा दुबईला उतरल्यावर नवा करता येईल का?

बोटीवरच्या माणसाचा व्हिसा एच-१बीहून वेगळा असला, तरी तोही तात्पुरता व्हिसाच आहे आणि प्रश्न ४ मधील सूचना त्यालाही लागू आहे. बंदरात जहाज लागणे किंवा करार संपवून तिथे उतरणे म्हणजे वास्तव्य नव्हे. म्हणून दोन करारांच्या मधल्या काळात, घरी असतानाच, मुंबईतून अर्ज करावा. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची नोंदवही) आणि कंपनीचे पत्र सोबत लागते, आणि शुल्क १८५ डॉलर आहे. व्हिसाचे सहा-आठ महिनेच उरले असतील आणि पुढचा करार लांबचा असेल, तर जहाजावर चढण्याआधीच नूतनीकरणाला लागावे. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर पाठवताना कंपन्या व्हिसाची तारीख पाहतात, आणि ती कमी पडली की ती जागा दुसऱ्याला मिळते.